गाडी सोडावी की थांबवावी? : उपनगरांतील मेकॅनिकचे काम

मुंबईच्या उपनगरांत बसने प्रवास करणारा माणूस वाहकाशी दोन शब्द बोलतो, चालकाला निदान पाठमोरा तरी पाहतो. परंतु आदल्या रात्री त्याच बसच्या पोटाखाली उभे राहून ज्याने ब्रेकचे लायनर तपासले, सैल नट आवळले आणि गाडी ठीक असल्याची सही केली, तो मेकॅनिक प्रवाशाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. मरोळ, ओशिवरा, पोयसर, मागाठाणे, गोराई, घाटकोपर, मुलुंड या बेस्टच्या आगारांत शेवटच्या गाड्या परतू लागल्या की या कारागिरांच्या कामाला खरा वेग येतो. त्यांच्याविषयी, आणि मेट्रोच्या व इमारतींच्या बांधकामांवर पोकलेन, क्रेन, डंपर चालते ठेवणाऱ्या त्यांच्या व्यवसायबंधूंविषयी, आम्ही येथे काही माहिती देत आहोत.

याला निमित्तही आहे. आमच्या वाचकांपैकी अनेक जण वसई, नालासोपारा, विरार येथून रोज अंधेरी, बोरिवलीकडे कामाला जातात आणि स्टेशनबाहेर उतरून बस पकडतात. याच घरांतून दरवर्षी दहावीच्या निकालानंतर एक प्रश्न विचारला जातो : मुलाला डिझेल मेकॅनिकला घालावे का? त्यावरील चर्चा बहुधा पगार किती आणि हात किती काळे होणार, एवढ्यावरच संपते. ते काम प्रत्यक्षात काय आहे आणि त्याच्यावर कोणाकोणाचे जीव अवलंबून असतात, हे फारसे बोलले जात नाही.

मुंबईत पहिली मोटार बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा व्यवसाय महानगरपालिकेच्या ताब्यात आला आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम थांबली. दरम्यान १९५० व १९५७ मध्ये शहराची हद्द दोन टप्प्यांत दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. या विस्तीर्ण भागात रेल्वे स्थानकांपासून दूर राहणाऱ्यांना बसचाच मोठा आधार होता. बस वाढल्या तशी आगारे वाढली आणि आगारांबरोबर मेकॅनिकांची एक मोठी जमात उभी राहिली. इंजिन व गिअरबॉक्स पूर्ण उघडून करावयाची मोठी दुरुस्ती दादरच्या कार्यशाळेत होत असे. रोजची देखभाल मात्र आगारातच.

अवजड यंत्रांचा इतिहासही उपनगरांशी जोडलेला आहे. हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मागे ठेवलेली कॅटरपिलरची माती हलविणारी यंत्रे स्वस्तात उपलब्ध झाली. ती घेण्यास भागीदारीचे भांडवल पुरेना, म्हणून १९४६ मध्ये लार्सन अँड टुब्रो ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिने पवईची ५५ एकर दलदल व रान विकत घेतले. पुढे याच कंपनीने पोकलेन या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने खोदकामाची यंत्रे भारतात बनविली. ती इतकी पसरली की आज यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला पोकलेनच म्हणतात. जशी प्रत्येक पिवळी चारचाकी खोदगाडी ही जेसीबी ठरली आहे. कांदिवलीला ट्रॅक्टर बनत होते, कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटारी. अशा कारखान्यांच्या भोवतीने लहान गॅरेज उभी राहिली आणि कारखान्यात शिकलेले हात पुढे त्या गॅरेजांत उस्ताद झाले.

हवेवर चालणारा ब्रेक

मेकॅनिकचे काम समजून घ्यायचे तर बसच्या ब्रेकपासून आरंभ करणे योग्य ठरेल. मोटारीत पायाखालचा ब्रेक तेलाच्या दाबाने काम करतो, तर बस व ट्रकमध्ये हे काम हवा करते. कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. तेथील दाब साधारण आठ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या तिपटीहून अधिक असतो. चालकाने पाय दाबला की ही हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, तेथील दांडा पुढे सरकतो, दांड्याला जोडलेली कळ फिरते आणि ब्रेकचे जोडे ड्रमवर घट्ट बसतात. त्या जोड्यांवरचे लायनर रोज थोडे झिजते. झिजेल तितका दांड्याचा प्रवास लांबतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की चालक पूर्ण पाय दाबूनही चाकावर पुरेसा जोर येत नाही. म्हणून मेकॅनिक तपासणीच्या खड्ड्यात उतरतो, वर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबावयास सांगतो आणि दांडा किती सरकतो ते प्रत्येक चाकाशी पाहतो.

या रचनेत एक मोठे शहाणपण आहे. हँडब्रेक लावणारी शक्ती हवेची नसून एका जबरदस्त स्प्रिंगची असते. हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून धरते म्हणून गाडी सुटते. हवा पूर्ण निघून गेली तर स्प्रिंग मोकळी होते आणि मागची चाके जखडतात. सकाळी टाकी भरेपर्यंत बस जागेवरून हलत नाही, त्याचे कारण हेच. दाब कमी होऊ लागला की चालकासमोर इशाऱ्याचा आवाजही होतो.

तेव्हा अपघातानंतर तत्काळ उच्चारला जाणारा 'ब्रेक फेल' हा शब्द मेकॅनिकच्या कानाला फार ढोबळ वाटतो. ब्रेक बहुधा एका क्षणात जात नाही, दिवसेंदिवस दुबळा होत जातो. लायनर झिजलेले असते, चाकाच्या सीलमधून ग्रीस गळून ते निसरडे झालेले असते, सततच्या वापराने ड्रम इतका तापलेला असतो की पकड राहत नाही, किंवा हवेच्या टाकीत पाणी साचलेले असते. यांतील प्रत्येक गोष्ट आधी दिसते. मात्र ती पाहणारा माणूस आणि पाहण्यास दिलेला वेळ, दोन्ही असावे लागतात.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला येथे अंधेरीकडे निघालेली बेस्टची ३३२ क्रमांकाची विजेवरील बस गर्दीत शिरली आणि अनेकांचे प्राण गेले. पहिले काही तास सर्वत्र 'ब्रेक फेल' हेच ऐकू येत होते. परिवहन विभागाच्या निरीक्षकांनी गाडी तपासल्यावर मात्र ब्रेक काम करीत असल्याचे प्राथमिक मत दिले आणि क्लच-गिअर नसलेल्या अशा मोठ्या गाडीचा सराव चालकाला कितपत देण्यात आला होता, हा प्रश्न पुढे आला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्हाला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की अशा प्रसंगी गाडीच्या देखभालीची नोंदवही हाच सर्वांत बोलका साक्षीदार असतो. ती प्रामाणिकपणे लिहिलेली असेल तर निर्दोष मेकॅनिकही वाचतो आणि निर्दोष चालकही.

मुंबईचा पाऊस या कामाला वेगळीच परीक्षा घालतो. दमट हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, म्हणून टाक्यांतील पाणी नियमाने सोडावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य वाहने पाण्यात उभी राहिली. अशी गाडी पाणी ओसरल्यावर सुरू होते, चालतेही, आणि मालकाला वाटते की सुटलो. जाणता मेकॅनिक आधी मागच्या आसाच्या पेटीतील तेल काढून पाहतो. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेलेले आहे. तसेच वापरल्यास दातेरी चाके व बेअरिंग काही आठवड्यांत खराब होतात. जी गाडी वरून धुऊन चकचकीत केली आहे ती आतून निकामी होत असते, हे मालकाला पटविणे हे दुरुस्तीपेक्षाही कठीण काम असल्याचे या व्यवसायातील लोक सांगतात.

यंत्राकडे जाणारा मेकॅनिक

बस आगारात येते. पोकलेन येत नाही. लोखंडी पट्ट्यांचे हे यंत्र डांबरी रस्त्यावरून चालविता येत नाही आणि ट्रेलरवर चढवून नेणे खर्चाचे. त्यामुळे येथे मेकॅनिकच यंत्राकडे जातो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भुयारी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये. या मार्गांच्या कामांवर, जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात, पावसाळ्यापूर्वी मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा नद्यांतील गाळ काढताना अशी यंत्रे दिवसरात्र राबत असतात. किलोमीटरऐवजी त्यांचे आयुष्य तासांत मोजतात. अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार तास झाले की ठरलेली तेले व फिल्टर बदलावे लागतात. आणि हे सारे चिखलात, बॅटरीच्या उजेडात, ठेकेदार शेजारी घड्याळ पाहत उभा असताना.

या यंत्राची ताकद हायड्रॉलिक तेलात असते. पंप तेलाला तीनशे बारहून अधिक दाब देतो आणि तोच दाब बकेट उचलतो. एखाद्या रबरी नळीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले तर तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही. पण तिच्यापुढे बोट नेले तर ती कातडी भेदून तेल आत सोडते. बाहेरून सुई टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, वेदनाही सुरुवातीला फार नसते. नवखा मुलगा बोट पुसून पुन्हा कामाला लागतो. आतील तेल मात्र हाताच्या स्नायूंत पसरत राहते आणि उशीर झाल्यास बोट, कधी हातही काढावा लागतो. म्हणून गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. आणि असा ठिपका दिसल्यास दुखत नसले तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ज्यांच्या घरातील कोणी हे काम करीत असेल त्यांनी ही एक गोष्ट कृपया आजच त्याला सांगावी.

तशाच आणखी दोन. यंत्राची बकेट किंवा डंपरचा हौदा वर उचललेला असताना केवळ तेलाच्या दाबावर भिस्त ठेवून त्याखाली कोणी शिरू नये. बकेट जमिनीला टेकवावी, हौद्याला लोखंडी टेकू द्यावा. मोटारखालीही जॅकवर विसंबू नये, गाडी घोडीवर घ्यावी, हा तर प्रत्येक उस्तादाचा पहिला धडा आहे. दुसरी गोष्ट ट्रकच्या टायरची. ज्या चाकाला निराळी लोखंडी रिंग असते, त्यात हवा भरताना रिंग निसटली तर ती तोफगोळ्यासारखी उडते. असे चाक पिंजऱ्यात ठेवूनच भरावयाचे असते. महामार्गालगतच्या अनेक टायरवाल्यांकडे तो पिंजरा दिसत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

डिझेलकडून गॅसकडे, गॅसकडून विजेकडे

जुना मेकॅनिक इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावून मूठ कानाशी धरी आणि कोणते बेअरिंग बोलते आहे ते सांगे. ही विद्या आजही उपयोगी आहे, पण पुरेशी राहिलेली नाही. सीएनजी बसमध्ये गॅस दोनशे बार दाबाने भरलेला असतो. तेथे साबणाच्या पाण्याने सांधे तपासणे, घासल्या जाणाऱ्या विजेच्या तारा वेळीच बांधून घेणे, सिलिंडरची मुदतीची चाचणी झाली आहे की नाही ते पाहणे ही कामे आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंधेरी येथे भर रस्त्यात एका सीएनजी बसने पेट घेतला. महिन्याभरातील ही तिसरी घटना होती. त्यानंतर बेस्टने एका ठेकेदाराच्या त्या प्रकारच्या चारशे गाड्या रस्त्यावरून मागे घेतल्या. प्रवाशांची त्या दिवसांत फार गैरसोय झाली. तरीही तो निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे.

विजेवरील दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्ये आली आणि जुनी डिझेलची लाल दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्या दिवशी लोकांनी तिला हार घातले. तिच्याबरोबर एका पिढीचे कसबही बाजूला पडत होते, याची दखल फार थोड्यांनी घेतली. विजेच्या बसमध्ये इंजिन तेल नाही, क्लचप्लेट नाही. वेग कमी करताना मोटारच उलट वीज निर्माण करते, त्यामुळे लायनरही जास्त टिकते. परंतु नारिंगी रंगाच्या तारांतून काही शे व्होल्टचा प्रवाह असतो. आधी तो तोडणे, काही मिनिटे थांबणे, मीटरने खात्री करणे, रबरी हातमोजे घालणे, या क्रमात चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. पन्नाशीच्या फिटरला संगणकावर बिघाडाचे संकेत वाचावे लागतात, आणि विशीतील मुलाला ते वाचता आले तरी झिजलेला किंग-पिन हाताने चाक हलवून ओळखता येत नाही. दोघांना एकाच पाळीत ठेवणारे आगार भाग्यवान म्हटले पाहिजे.

सही कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायद्याने व्यावसायिक वाहनाला परिवहन विभागाचे योग्यता प्रमाणपत्र लागते. उपनगरांत ते काम अंधेरी, बोरिवली व वडाळा येथील कार्यालयांकडे आहे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला हे प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे दोन तपासण्यांच्या मधल्या शेकडो दिवसांत गाडी सुरक्षित आहे की नाही, याचा निवाडा एकटा मेकॅनिक करतो. या गाडीचे लायनर संपले आहे, ही उद्या निघणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार हेच त्याचे खरे हत्यार आहे. पाना व टॉमी त्यानंतरची.

बेस्टच्या जुन्या व्यवस्थेत मेकॅनिक, फोरमन, चालक व वाहक एकाच उपक्रमाचे नोकर होते. गाडी थांबविली म्हणून मेकॅनिकचे वैयक्तिक नुकसान होत नसे. २०१९ च्या सुमारास भाडेतत्त्वावरील गाड्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या. या पद्धतीत बस, चालक आणि देखभाल ठेकेदाराची. बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. स्वतःच्या गाड्या वयोमानाने निघत गेल्या आणि आज ताफ्यातील बहुसंख्य गाड्या भाड्याच्या आहेत. तोट्यात बुडालेल्या उपक्रमाला नव्या गाड्या घेणे शक्य नव्हते, ही बाजूही मान्य करावयास हवी. जुनी व्यवस्था निर्दोष होती असेही नाही. सतत बिघडणाऱ्या वातानुकूलित गाड्यांचा ताफा स्वतः बेस्टचाच होता आणि तो २०१७ मध्ये मोडीत निघाला. सुटे भाग वेळेवर मिळाले नाहीत तर सरकारी मेकॅनिकही हतबल असतो.

परंतु किलोमीटरवर पैसे मिळू लागले की उभी गाडी म्हणजे निव्वळ तोटा ठरते. रात्री अडीच वाजता, कंत्राटी नोकरीवर असलेला मेकॅनिक वरिष्ठाला 'गाडी थांबवा' असे कितीदा म्हणू शकेल? ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरील चालकांनी वेतनासाठी संप केला. त्याची सुरुवात मुलुंड व घाटकोपर आगारांतून झाली आणि सुमारे आठवडाभर उपनगरे अडून राहिली. त्या निमित्ताने चालकांच्या पगाराविषयी लोकांना समजले. खड्ड्यात उभ्या असलेल्या मेकॅनिकविषयी तेव्हाही कोणी विचारले नाही. आमच्या मते ठेका कोणाकडेही असो, गाडी थांबविण्याचा निर्णय घेणाऱ्याचे वेतन त्या गाडीच्या किलोमीटरशी बांधलेले नसावे आणि देखभालीची नोंदवही बेस्टच्या अधिकाऱ्याने स्वतः उघडून पाहावी. ही मागणी खर्चिक नाही.

ज्यांच्या घरी हा मार्ग निवडण्याचा विचार चालू आहे त्यांच्यासाठी थोडेसे. दहावीनंतर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा असतो. मुलींनाही तो खुला आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार एखाद्या आगारात वा कारखान्यात उमेदवारी करता येते, व खरे शिक्षण तेथेच होते. मुलुंड व कुर्ला येथे शासकीय आयटीआय आहेत. कुर्ल्याच्या डॉन बॉस्को परिसरातही तंत्रशिक्षणाची परंपरा आहे. ओळखीच्या गॅरेजात चौदा वर्षांच्या मुलाला 'छोटू' म्हणून ठेवण्याची जुनी रीत मात्र सोडून दिलेली बरी. तेथे तो हात चालवावयास शिकतो, कागद मिळवीत नाही, आणि पुढे कागदाशिवाय मोठ्या ताफ्याचे दार उघडत नाही.

शरीराची किंमतही आधीच जाणून घ्यावी. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे म्हणूनच टाळावे. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारून ती उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. संध्याकाळी हात डिझेलने वा पेट्रोलने धुण्याची सवय सर्रास आढळते. त्याने काळेपणा जातो, परंतु कातडीचे संरक्षक तेलही जाते आणि खाज, भेगा मागे राहतात. साबण, लाकडाचा भुसा आणि थोडे खोबरेल तेल यांनी तेच काम होते. वेळ पाच मिनिटे अधिक लागतो.